धाकटीची चावी

१

धाकटी गेली हे सगळ्यांत आधी चावीवाल्याला कळलं. आठवड्याची रजा संपवून तो सकाळी कामावर आला, शेडचं कुलूप काढलं, दिवे लावले आणि उंबऱ्यातच मटकन बसला. मग उठला तो तडक अध्यक्षांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "साहेब, धाकटीला कुणीतरी मारलंय."

अध्यक्षांना स्वतःला तीन मुली. त्यांच्या हातातला चहा सांडला तो त्यामुळे.

पण ही धाकटी म्हणजे नदी, आणि तीही खरी नव्हे, तिची नक्कल. जलनियोजन कार्यालयाच्या मागं पत्र्याची एक लांबलचक शेड होती. तिच्यात थोरली, मधली आणि धाकटी या शेजारशेजारच्या तीन नद्या सिमेंट, वाळू आणि चिकणमातीत हुबेहूब घडवलेल्या होत्या. पलीकडच्या भिंतीतून तीन नळ निघायचे, प्रत्येकीला एक. नळावर एकेक चावी, म्हणजे पाणी सोडायचं नि तोडायचं चाक. तिथून तिघी वाहत दाराकडे यायच्या आणि दाराशी असलेल्या उथळ टाकीत, म्हणजे समुद्रात, मिळायच्या.

त्या सकाळी धाकटीची चावी घट्ट मिटलेली होती. तिचं पात्र सुकून चिरा पडल्या होत्या. उलट थोरली रात्रभर वाहत राहिली होती. तिच्या खालच्या लाकडी धरणामागं पाणी तुंबलं, धरण उखडलं, आणि लोंढ्यानं तिघींच्या मुखांजवळचा सगळा गाळ, जो इतके दिवस कणाकणानं साचवला होता, तो धुऊन नेला. चाचणीचा निकाल त्या गाळातच होता.

हा सगळा संसार नदीसाहेबांचा. ते नियोजनाचे प्रमुख होते, आणि त्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. धरणच नको म्हणणाऱ्यांतले ते नव्हते. विजेच्या दिव्याखाली बसून धरणाला शिव्या घालणं त्यांना जमायचं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की एकेक धरण सुटं बघू नका, तिन्ही नद्या एकदम बघा. सुटं बघितलं तर प्रत्येक धरण शहाणपणाचं वाटतं आणि सगळी मिळून वेडेपणा होतो. थोरलीच्या अंगावर धरणाच्या दोन भिंती आधीच उभ्या आहेत, तिचं व्हायचं ते होऊन गेलं. त्याच उंच करा, मधलीवर एक बांधा. वीज हवी तेवढी मिळते आणि धाकटी उगमापासून समुद्रापर्यंत मोकळी राहते. मासे वर चढतील, गाळ खाली उतरेल, मुखाजवळची गावं समुद्राच्या घशात जाणार नाहीत. हे दाखवून द्यायला ही चाचणी होती. शेवटच्याच दिवशी, काल दुपारी, नदीसाहेबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना रस्त्यापलीकडच्या इस्पितळात नेलं.

आणि आज दुपारी मंडळाची बैठक होती.

अध्यक्षांनी चौकशीबाईंना बोलावलं. दक्षता विभागातल्या या बाई. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. उभी नोकरी दुसऱ्यांची पापं मोजण्यात गेली, त्यामुळे माणसं त्यांना पाहून जिना बदलत. अध्यक्षांनी नियम सांगितला. चाचणी विरोधी हातानं बिघडवली असेल तर ती पुन्हा घ्यायला मुदत मिळते. पण किल्ली ज्याची, जबाबदारी त्याची. चाचणी घेणाऱ्याच्याच किल्लीनं शेड उघडली असेल, तर बिघाडही त्याचाच, आणि चाचणी बाद. मग आजच भिंतसाहेबांचा प्रस्ताव मंजूर होणार, धाकटीच्या मुखावर धरण.

"दोनदा तारीख पुढं ढकललीय बाई," अध्यक्ष म्हणाले. "तिसऱ्यांदा ढकलायची तर मला एक नाव द्या."

२

शेडच्या दाराशी चौकशीबाईंनी रबरी बूट चढवले. तसा तिथला दंडक होता.

चावीवाला डोळे पुसत पुढं झाला. किल्ल्या कितीजणांकडे, असं बाईंनी विचारलं. तिघांकडे, तो म्हणाला. एक त्याची, ती रजेत ऑफिसच्या कपाटात मोहोरबंद होती आणि आज सकाळीच मोहोर फोडून मिळाली. एक नदीसाहेबांकडे. एक धरणविभागाच्या प्रमुखांकडे, म्हणजे भिंतसाहेबांकडे. कुलूप शाबूत होतं.

"यातली धाकटी कुठली?"

"उजवीकडची ती."

बाईंनी उजवीकडे पाहिलं. तिकडे तर मोडलेलं धरण आडवं पडलेलं. चावीवाला एवढ्या दुःखातही हसला. "तुमची चूक नाही. सगळे नवे इथं फसतात. नदीचा डावा-उजवा आपल्या तोंडावरून नाही ठरत बाई. तोंड समुद्राकडे करायचं, पाणी जातं तिकडे. मग डावीकडची थोरली, उजवीकडची धाकटी." मग त्यानं सांगितलं, की इथं जन्म काढलेल्यांना तेवढीच भाषा येते. उपाहारगृहातसुद्धा मीठ डाव्या तीरावर असतं, आणि कुणाला वावगं वाटत नाही.

नळांवर पाट्या का नाहीत, असं बाईंनी विचारलं. नदीसाहेबांना चालायचं नाही. पोटच्या पोरींच्या गळ्यात पाट्या घालतात का, म्हणायचे.

बाई नळांपाशी गेल्या. ओल्या कडेनं पावलं उमटली होती, दारापासून नळांपर्यंत आणि परत. पाणी पिऊन ती पसरली होती, मापावरून काही कळण्याजोगं नव्हतं. पण बोटं दिसत होती. बुटाची नव्हती ती, अनवाणी होती.

"इथं अनवाणी कोण येतं?"

"फक्त साहेब. बुटानं वाळू दुखते म्हणायचे. पण साहेब तर..."

धाकटीच्या चावीखाली एक बादली होती. तिन्ही चाव्या जुन्या, मिटल्या तरी थेंब थेंब गळायच्या, आणि थेंबानं खालच्या वाळूला खळगा पडायचा. म्हणून चावी मिटली की खाली बादली सरकवायची. चावीवाल्याची रोजची सवय ती. पण तो तर रजेवर होता.

चौकशीबाई बादलीकडे बघत राहिल्या. आयुष्यात त्यांनी चोर पाहिले, लबाड पाहिले, आगलावे पाहिले. नदीचा गळा दाबून वर तिच्या वाळूला खळगा पडू नये म्हणून बादली ठेवणारा वैरी त्यांनी पाहिला नव्हता.

३

भिंतसाहेब खुर्चीत मावत नव्हते. बाई आत येताच त्यांनी आपणहोऊन किल्ली टेबलावर टाकली.

"माझ्यावरच येणार हे मला ठाऊक होतं. काल संध्याकाळी मी एकटाच होतो ऑफिसात. साक्षीदार नाही. घ्या, काय लिहायचं ते लिहा."

बाईंनी काही लिहिलं नाही. मग ते आपसूक बोलत सुटले. धाकटीच्या मुखाशी खडक कसा चोख आहे, रस्ता कसा जवळ, शहराला वीज कशी आज हवी आहे, वीस वर्षांनी नव्हे. नदीसाहेबांशी त्यांचं हाडवैर होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, पहिली काही वर्षं एकाच खोलीत राहिलेले. एकमेकांचे शर्ट घालायचो आम्ही, ते म्हणाले, आणि खिडकीकडे बघायला लागले.

"पण मला चाचणी बिघडवायची असती ना, तर अशी नसती बिघडवली. मधलीची चावी किंचित पिळली असती. गाळ कमी साचला असता, निकाल आपोआप माझ्या बाजूनं लागला असता आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. हे काय, मुडदा चौकात आणून टाकायचा? हे आपल्या धंद्यातल्या माणसाचं काम नाही."

बोलण्यात तथ्य होतं. ते तसं असू नये असं बाईंना वाटलं, कारण या एका माणसाच्या किल्लीवर सगळा खेळ होता. शेड त्यांच्या किल्लीनं उघडली असेल तर नदी वाचते. नाहीतर गेली.

उठता उठता त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं. भिंतसाहेबांचा एक पाय पट्ट्यांत गुंडाळलेला होता. मधुमेहाची जखम, ते ओशाळून म्हणाले. महिना झाला, पाण्याला पाय लावायची सक्त मनाई आहे.

अनवाणी पावलं दोन्ही पायांची होती. चौकशीबाई दाराबाहेर आल्या आणि रस्ता ओलांडून इस्पितळाकडे निघाल्या.

४

इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये मासोळी भेटली. मासोळी म्हणजे मत्स्यतज्ज्ञ, कार्यालयातली सगळ्यांत तापट बाई. तिची सारी हयात थोरलीच्या माशांत गेलेली, आणि नदीसाहेबांच्या आराखड्यात बळी जायचा होता तो थोरलीचाच. मागच्या आठवड्यात ती त्यांना भर सभेत कसाई म्हणाली होती. आता रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"माझ्याकडे किल्ली नाही, आणि काल संध्याकाळी मी इथंच होते," ती म्हणाली. माफी मागायला आली होती. वहिनी, म्हणजे नदीसाहेबांच्या पत्नी, तिच्याशी धड बोलल्या नाहीत. पण दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिला खाटेशी बसवून त्या घरी चादर आणायला गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या त्या रिकाम्या हातानं. चादर आणायचीच विसरले म्हणाल्या. "माणूस असं बुडायला लागलं की बाकीच्यांना काही सुचत नाही हो," मासोळी म्हणाली.

मग तिनं आवाज खाली आणला. "भिंतसाहेब एकटे होते ना काल? किल्ली आहे, वैर आहे. तेवढं पुरे नाही का? अनवाणी पावलांचं ऐकलंय मी, पण त्यांच्या पायाचं कुणी विचारणार नाही. नाव द्या बाई. धाकटी तरी वाचू दे."

चौकशीबाईंच्या मनाला तो विचार तिच्याआधीच शिवून गेला होता, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

खोलीत वहिनी खाटेला टेकून बसल्या होत्या. नदीसाहेबांची डावी बाजू पार लुळी पडली होती. बोलणं म्हणजे एखाददुसरा शब्द, तोही चघळल्यासारखा. बाईंना पाहून वहिनी ताडकन उठल्या.

"शोधा त्याला," त्या म्हणाल्या. "ह्यांना अजून सांगितलं नाही मी. ज्यानं हे केलं त्याला शोधा, मग मी बघते. आमच्या घरी जेवताना ताटात नद्या असायच्या, बाई. मला मूल नाही. होतं ते हेच."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "डावी... बंद?"

वहिनींनी बाईंकडे एक नजर टाकली. मग नवऱ्याचा लुळा डावा हात हातात घेतला, एकेक बोट दुमडून त्याची मूठ वळली आणि म्हणाल्या, "हो. बंद."

नदीसाहेबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. चौकशीबाईंना ते बघवेना. त्या बाहेर पडल्या, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या आणि तिथंच थबकल्या.

ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या तब्येतीची कधी विचारपूस केली नाही, त्याला आज मुठीची काय पडली होती?

५

जिन्याच्या कठड्याला धरून बाईंनी सगळं एका ओळीत लावलं. बादली ठेवणाऱ्याला वाळू जपायची होती. मग त्यानं धाकटी का मारली? तर आपण धाकटी मारतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपण दुसरीच चावी मिटतोय अशी त्याची समजूत होती. कोणती? संध्याकाळी मिटायलाच हवी होती अशी एकच चावी होती, थोरलीची. धरणामागचं पाणी काठोकाठ येत होतं, आणि हे एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो इस्पितळात पडला होता, त्याला दोनच शब्द बोलता येत होते, आणि त्याच्या खिशात किल्ली होती.

पण त्या शेडमध्ये उभा राहून डाव्याचं उजवं करील असा ऑफिसात कुणी नव्हता. चावीवाला नाही, भिंतसाहेब नाहीत, मासोळी नाही. ती चूक बाहेरच्यानंच करावी, जशी सकाळी खुद्द बाईंनी केली होती. बाहेरचा, पण वाळूला बूट दुखतात हे ऐकलेला. बादलीचं ठाऊक असलेला. ज्याच्या ताटात रोज नद्या असायच्या असा.

त्या परत वर गेल्या. वहिनींना कॉरिडॉरच्या टोकाला नेलं आणि एकच विचारलं. चादर आणायला गेलात तेव्हा घरी गेला होतात का?

वहिनींनी मासोळीकडे पाहिलं. ती लांब होती. "तुम्ही कुणाला सांगणार नसाल तर सांगते," त्या कुजबुजल्या. "ह्यांनी किल्ली माझ्या हातात दाबली. डावी बंद, एवढंच म्हणाले. मासोळीला कसं सांगणार? ती तर ह्यांच्या जिवावर उठलेली. मीच गेले, डावी मिटली, बादली ठेवली, दिवा मालवला, कुलूप लावलं. बाहेरच्याचा हात लागला की चाचणी बाद करतात, हे मी हजारदा ऐकलंय, म्हणून गप्प बसले. पण मी गेल्यावर कुणीतरी आलं बघा. मी मिटलेली त्यानं उघडली आणि धाकटीची मिटली. चला, मी दाखवते तुम्हाला मी कोणती मिटली होती ती."

"राहू द्या वहिनी."

"नाही, चला. तुमच्या तपासाला मदत होईल."

चौकशीबाईंना त्यांना थांबवता आलं नाही. खरं तर थांबवायला हवं होतं.

शेडच्या दाराशी वहिनींनी चपला काढल्या. चावीवाला एका बाजूला झाला. त्या अनवाणी, ओल्या कडेनं, वाळूवर पाय पडणार नाही अशा बेतानं थेट नळांपर्यंत गेल्या. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डावा हात एका चावीवर ठेवला.

"ही बघा. डावी."

दारातून चावीवाला सवयीनं बोलून गेला. "वहिनी, ती उजवी."

त्याच्या तोंडून शब्द गेला आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. वहिनींनी आधी मान वळवली. मग हळूहळू त्या पूर्ण वळल्या, समुद्राच्या टाकीकडे तोंड करून. त्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरले आणि डावा कुठला, उजवा कुठला हे एखाद्या पोरासारखं पाहिलं. मग सुकलेल्या धाकटीकडे पाहिलं. थोरलीचं उरलंसुरलं पाणी तेवढं गळत होतं.

वहिनी म्हणाल्या, "माझं नाव द्या. मुद्दाम केलं म्हणा. नदीनं माझा नवरा नेला, त्याचा राग होता म्हणा. लोकांना पटेल."

"किल्ली साहेबांची होती वहिनी. मुद्दाम असो की चुकून, हात साहेबांचाच मानतील."

"आणि भिंतसाहेबांच्या किल्लीनं उघडली म्हटलं तर?"

वहिनींनी स्वतःच मान हलवली. "नको. तो शर्ट घालायचा ह्यांचा," एवढंच म्हणाल्या, आणि चपला हातात घेऊन तशाच अनवाणी रस्ता ओलांडून गेल्या.

६

बैठकीच्या खोलीत भिंतसाहेब घाम पुसत बसले होते. मासोळी त्यांच्यासमोर, त्यांच्यावर नजर रोखून. अध्यक्षांनी चौकशीबाईंना विचारलं, विरोधी हात होता का? विचारताना त्यांचाही आवाज असा होता, की हो म्हणा, मला तेवढंच हवंय.

नाव बाईंच्या जिभेवर होतं. पाच अक्षरं बोलली असती तर एक नदी वाचली असती, आणि एका निर्दोष माणसाचा जन्म बुडाला असता. नदीसाहेब नद्यांचं काय करायचे ते त्यांना तेव्हा कळलं. कुणाला बुडवून कुणाला वाचवायचं, हाच हिशेब तो माणूस रोज मांडायचा, रोज झोपायचा आणि रोज उठायचा. बाईंना तो एकदाही मांडवेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "विरोधी हात नव्हता. शेड साहेबांच्याच किल्लीनं उघडली होती."

मासोळी उठून निघून गेली. भिंतसाहेबांनी दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं. आनंद झाल्यासारखे ते काही दिसले नाहीत. मग ठराव वाचला गेला, हात वर झाले, आणि टेबलावरचा चहा निवायच्या आत धाकटीच्या मुखावर धरण मंजूर झालं. कसं झालं, का झालं, हे इतिवृत्तात एका ओळीत मावलं. त्या ओळीत वहिनींचं नाव नव्हतं. बाईंना वाचवता आलं ते तेवढंच.

संध्याकाळी त्या इस्पितळात गेल्या. सांत्वन करायला नव्हे, ते त्यांना येत नव्हतं. तपासासाठी घेतलेली साहेबांची किल्ली परत द्यायची होती, इतकंच निमित्त. दार उघडंच होतं. वहिनी खाटेशी बसल्या होत्या. पायांना वाळलेली माती तशीच होती.

"डावी... बंद?" नदीसाहेबांनी विचारलं.

"हो, बंद केली. तुम्ही म्हणालात तशीच."

या वेळी वहिनींनी त्यांची मूठ वळली नाही. हात नुसता धरून ठेवला. नदीसाहेबांचे ओठ पुन्हा हलले. शब्द जमवायला त्यांना फार वेळ लागला.

"धाकटी?"

"वाहतेय," वहिनी म्हणाल्या. "मी आत्ताच बघून आले."

नदीसाहेबांनी डोळे मिटले. चौकशीबाई किल्ली तशीच मुठीत घेऊन मागं वळल्या, तोच वहिनींनी त्यांना पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"बाई, जाता जाता एक काम कराल?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरून एक चादर आणून द्या. कालपासून राहिलीच आहे. ह्यांना गार वाटतंय."